बीम वाकलेला दिसतोय, पण ‘लिमिटमध्ये’ आहे म्हणतात

सांगलीच्या शामरावनगरमधून एका शिक्षिका ताईंचं पत्र आलंय. जरा आटोपतं करून देतोय.

‘सप्रेम नमस्कार. २०१९ च्या पुरात आमच्या जुन्या घरात पाणी शिरलं. ते पाडून आता नवीन बांधतोय, या वेळी जोतं पाच फूट वर घेतलंय. हॉल आणि जेवणघर मिळून एकच मोठी जागा हवी होती, म्हणून मधे कॉलम घेतला नाही. सहा मीटरचा एकच बीम आहे, नऊ बाय अठरा इंची. स्लॅब पडल्यावर दहाव्या दिवशी सेंट्रिंग, म्हणजे खालच्या प्लेटा आणि टेकू, काढलं, त्याला आता दोन महिने झाले. मागच्या आठवड्यात सुतार सरकत्या दारांसाठी बीमखाली पट्टी धरून बघत होता. पट्टी मधे बीमला टेकली आणि दोन्ही टोकांना फट राहिली. तो म्हणाला, “वहिनी, बीम मधे पाच सूत खाली आलाय.” तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. सासूबाई त्या बीमखाली बसायला तयार नाहीत. इंजिनिअर म्हणतात, चोवीस मिलिमीटरपर्यंत चालतं, हा सोळाच आहे. पुण्याहून मुलाने इंटरनेटवर बघून सांगितलं की स्पॅन, म्हणजे बीमची आधारापासून आधारापर्यंतची लांबी, भागिले ३६० हे लिमिट, म्हणजे साडेसोळा, काठावर पास. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो, मधलं जरा टाचून घेतो, कडेला प्लास्टर जाड मारतो, दोरीत आणून देतो. दीर म्हणतात, पाडून नवीन घाला. वर याच बीमवर सासूबाईंच्या खोलीची साडेचार इंची भिंत यायची आहे आणि वरचा स्लॅब पुढच्या महिन्यात आहे. कोणाचं ऐकू? आणि जो बीम डोळ्यांना वाकलेला दिसतो, तो लिमिटमध्ये कसा?’

ताई, आधी जे लगेच करायचं ते सांगतो. बीम पाडू नका. खालून टाचू तर कुणालाही देऊ नका. आणि वरच्या स्लॅबचं सेंट्रिंग उभं राहण्याआधी या बीमखाली पुन्हा टेकू लावून घ्या. बाकी सगळं सावकाश बघता येईल, या तीन गोष्टी मात्र आजच कॉन्ट्रॅक्टरच्या कानावर घाला.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, कारण खरा प्रश्न तोच आहे. काँक्रीटच्या बांधकामासाठी आपल्याकडे आयएस ४५६ हे मानक आहे, सध्याची आवृत्ती २००० सालची. वाक किती चालेल हे त्यात ठरवताना पहिलंच वाक्य असं आहे की बांधकामाच्या दिसण्याला, वापराला, फिनिशिंगला किंवा पार्टिशनला वाकामुळे बाधा येता कामा नये. दिसणं हा शब्द त्यात आहे. त्यामुळे तुम्हाला कुणी ‘नुसतं दिसतंय, त्यात काय’ असं म्हणालं तर ते मनावर घेऊ नका, तुमची तक्रार मानकाच्या पहिल्याच ओळीत बसते. तुमच्या इंजिनिअरांचे चोवीस ज्यातून येतात तो स्पॅन भागिले २५० हा आकडाही ताकदीच्या हिशेबातून आलेला नाही. एवढ्या वाकाच्या पुढे साधारण माणसाला झोल जाणवतो आणि खटकतो, या अनुभवावर तो बेतलेला आहे. युरोपच्या काँक्रीट मानकातही हाच आकडा आहे आणि तिथेही तो दिसणं आणि एकूण उपयोग यांच्यासाठीच दिलाय. बीमची ताकद वेगळी तपासायची असते. बीम अजिबात न वाकता कमकुवत असू शकतो, आणि वाकलेला दिसूनही धडधाकट असू शकतो.

मग २५० च्या आत असूनही दिसतो का? कारण डोळा वाक मोजत नाही, जवळच्या सरळ रेषेशी ताडून बघतो. दहा फुटांवरचा बीम, आजूबाजूला काही सरळ नाही, तर सोळा मिलिमीटर कुणाच्या लक्षात येत नाहीत. तुमच्याही लक्षात दोन महिने आले नाहीत. सुताराने त्याच्या पोटाला सरळ पट्टी भिडवली आणि टोकाला फट, मधे काही नाही, असं दिसलं. पट्टी भिडवली की पाच मिलिमीटरसुद्धा दिसतात. उलट चुलीच्या धुराने काळवंडलेल्या जुन्या घरांत याहून जास्त झोल घेतलेली लाकडी तुळई वर्षानुवर्षं असते आणि तिच्याकडे कुणी मान वर करून बघत नाही.

इंजिनिअरसाहेबांचा चोवीसचा आकडा बरोबर आहे, पण तो त्यांनी चुकीच्या दिवशी लावला. सहा हजार भागिले २५० म्हणजे २४ मिलिमीटर, हा शेवटचा वाक आहे. सगळा भार आल्यावर, काँक्रीट वर्षानुवर्षं हळूहळू आकसून आणि सैलावून झाल्यावर, दोन्ही टोकांच्या आधारांच्या पातळीपासून मोजलेला. तुमच्या बीमवर आज फक्त त्याचं स्वतःचं आणि स्लॅबचं वजन आहे. फरशी यायची आहे, वरची भिंत यायची आहे, कपाटं आणि माणसं यायची आहेत. आजचे सोळा शेवटच्या चोवीसशी लावून ‘अजून आठ शिल्लक’ म्हणणं घाईचं होईल.

त्याच कलमात दुसरी अट आहे, ती बहुतेक वेळा सांगितलीच जात नाही. पार्टिशन आणि फिनिशिंग झाल्यानंतर जो वाक पडेल तो स्पॅन भागिले ३५० किंवा २० मिलिमीटर, यांतला जो कमी असेल त्याच्या आत हवा. तुमच्या बाबतीत तो सतरा मिलिमीटर येतो. ही अट भिंतीला तडे जाऊ नयेत, दारं अडकू नयेत म्हणून आहे. तुमच्यासाठी पुढचा मुद्दा हा आहे, कारण वर भिंत आहे आणि खाली सरकती दारं.

मुलाने शोधलेला ३६० हा आकडा खोटा नाही, पण तो या बीमचा नाही. अमेरिकेच्या काँक्रीट मानकात तो फक्त माणसं-सामानाच्या भाराने तत्काळ येणाऱ्या वाकासाठी आहे. आपल्या पोलादाच्या मानकातही, आयएस ८०० मध्ये, तडे जाऊ शकतील अशा फिनिशिंगच्या मजल्यांसाठी तो आहे, तोही चल, म्हणजे माणसं-सामानाच्या, भारापुरता. तुमचा आजचा सगळा वाक स्थिर भाराचा, म्हणजे बांधकामाच्या स्वतःच्या वजनाचा आहे. स्पॅनला कशाने भागायचं याआधी कुठला वाक मोजतोय हे ठरवावं लागतं.

आता मुख्य काम. हे सोळा मिलिमीटर बीम वाकून आलेत, की काँक्रीट ओतताना सेंट्रिंगच खाली बसलं होतं? तुमच्या पत्रातल्या दोन गोष्टींवरून मला दुसरी शंका जास्त येते. जोतं पाच फूट उचललंय, म्हणजे आत मुरुमाची भलीमोठी भर आहे. शामरावनगरची जमीन काळी, पाणी धरून ठेवणारी. अशा ताज्या भरावर पाणी मारून, थरांवर थर दाबून घेतला नसेल आणि टेकूखाली नीट फळी नसेल, तर ओलं काँक्रीट पडताना एखाद-दुसरा टेकू अर्धा इंच सहज रुततो. दुसरं म्हणजे बीमचं माप. सहा मीटरला अठरा इंच, सळईपर्यंतची खोली साधारण ४१० मिलिमीटर, म्हणजे लांबी भागिले खोली हे गुणोत्तर साडेचौदा. साध्या टेकलेल्या बीमसाठी आयएस ४५६ ची मूळ मर्यादा २० आहे. सळईच्या प्रमाणानुसार ती थोडी कमीजास्त होते, तरी कागदावर बीम बसतो. दोन्ही बाजूंच्या खोल्या बारा-बारा फुटी धरून मी ढोबळ हिशेब केला. आतापर्यंत पाच-सहा ते दहा मिलिमीटर वाक पटण्यासारखा आहे. सोळा जास्त वाटतात.

हे घरीच तपासता येतं. पंचवीस मिलिमीटर जाडीचे दोन सारखे लाकडी ठोकळे घ्या. बीमच्या पोटाला, दोन्ही टोकांना कॉलमच्या तोंडाशी लावा आणि त्यांवरून तंगूस (नायलॉनचा बारीक दोरा) कचकून ताणा. सुतळी घेऊ नका, ती स्वतःच झोल खाते आणि बीमचा झोल कमी दाखवते. मग दर ७५ सेंटिमीटरला बीम आणि तंगूस यांच्यातलं अंतर पट्टीने मोजून वहीत लिहा. मधे नऊ मिलिमीटर उरले तर झोल सोळा. बीम भाराने वाकला असेल तर त्याची कमान सलग असते. मधे सोळा असतील तर टोकापासून पाव अंतरावर, म्हणजे दीड मीटरवर, दोन्हीकडे साधारण नऊ ते अकरा यायला हवेत. त्याऐवजी एकीकडे तीन, दुसरीकडे तेरा, किंवा दोन टेकूंच्या मधेच एकदम पोट, प्लेटच्या जोडावर पायरी, असं दिसलं तर तो सेंट्रिंगचा झोल.

मग वर जा आणि त्याच जागांवर, बीमच्या बरोबर वर, स्लॅबच्या पृष्ठभागाची पातळी लेव्हल पाइपने घ्या, लेझर मिळाला तर उत्तमच. स्लॅब खडबडीत असतो, म्हणून प्रत्येक जागी आजूबाजूचे तीन-चार बिंदू घेऊन सरासरी धरा. ओला स्लॅब वरून फळीने लेव्हल करतात. वरची बाजू जवळपास सपाट आणि खालची सोळा खाली, याचा अर्थ मधे काँक्रीट जाड पडलंय, बीम वाकलेला नाही. तसं निघालं तर निम्मी काळजी मिटली. मधे थोडा जास्त खोल झालेला बीम त्यामुळे कमकुवत होत नाही आणि तो झोल वाढतही नाही. वर आणि खाली दोन्हीकडे सारखाच झोल असेल तर बीम खरोखर वाकलाय, मग तुमच्या इंजिनिअरना मोजमापं दाखवून हिशेब पुन्हा करायला लावा.

पैशाचा प्रश्नही इथेच सुटतो. सेंट्रिंगच्या मापाला आयएस ४५६ मध्ये सूट आहे, बीमच्या छेदात १२ मिलिमीटर जास्त किंवा ६ कमी. मधे सोळा जाड पडलं असेल तर ते सुटीच्या बाहेर आहे आणि झाकण्याचा खर्च कॉन्ट्रॅक्टरचा. मोजमापाची वही समोर असली की हे बोलणं भांडणाविना होतं.

दहाव्या दिवशी सेंट्रिंग काढलं, हे मात्र मला आवडलेलं नाही. सहा मीटरपर्यंतच्या बीमचे टेकू चौदा दिवस ठेवायचे, त्यापुढच्या बीमचे एकवीस, असं मानक सांगतं, तेही साध्या ओपीसी (ऑर्डिनरी पोर्टलंड) सिमेंटसाठी. हल्ली गोणी बहुतेक पीपीसीची, म्हणजे राख मिसळलेल्या सिमेंटची असते, तिला सुरुवातीला ताकद धरायला जास्त वेळ लागतो. कोवळ्या काँक्रीटवर भार आला की ते पुढे जास्त सैलावतं. मानकाचे आकडेच बघा: सातव्या दिवशी भार दिला तर हे सैलावणं तत्काळ आकुंचनाच्या २.२ पट धरतात, अठ्ठाविसाव्या दिवशी दिला तर १.६ पट. पहिल्या काही महिन्यांत ते भराभर होतं, मग मंदावतं, पण काही वर्षं चालू राहतं. म्हणजे तुमच्या बीमचा खरा वाक सहा मिलिमीटर असला तरी तो आणखी वाढणार आहे, हे धरूनच फिनिशिंग ठरवायला हवं.

आता वरच्या स्लॅबचं. तो सबंध याच मजल्यावर टेकू लावून ओतला जाणार. पाच इंची ओल्या स्लॅबचं वजन दर चौरस मीटरला तीनशे किलोच्या वर, शिवाय प्लेटा, टेकू, माणसं, पाट्या. घराच्या खोलीत वापराचा भार म्हणून आपण दोनशे किलो धरतो. म्हणजे घर वापरात येण्याआधीच एका दुपारी या बीमवर वापराच्या भारापेक्षा जास्त वजन येणार, आणि तेही तो तीन महिन्यांचा असताना. म्हणून वरची सेंट्रिंग सुरू होण्याआधी या बीमखाली दर चार फुटांवर टेकू, खाली रुंद फळी, जमीन आधी चांगली ठोकून. बोटाने हलणार नाहीत इतपत घट्ट बसवायचे. ‘जॅक मारून बीम वर घेतो’ असं म्हणून कुणी उचलायला लागला तर थांबवा. खालून जोर दिला की बीमच्या वरच्या बाजूला ताण येतो आणि मधे तिथे सळई थोडीच असते. वरचा स्लॅब पुरेसा पक्का होईपर्यंत हे टेकू राहू द्या.

टाचण्याबद्दल. बीमच्या खालच्या सळयांवर पंचवीस-तीस मिलिमीटर काँक्रीटचं कव्हर असतं. मधले सोळा टाचले की बरोबर जिथे सळईवर सगळ्यात जास्त ताण आहे तिथे दहा-बारा उरतात. गंज आणि आग यांपासून सळईला वाचवणारं तेवढंच असतं. आणि टोकांना इंचभर प्लास्टर खालून मारलं तर ते आज चिकटेल, पण जाड थर उलट्या पृष्ठभागावर टिकत नाहीत, कधीतरी पोपडा सुटून डोक्यावर येतो. बीमच्या खाली प्लास्टर पातळच असावं, सहा मिलिमीटरच्या आसपास.

दिसणं सरळ करायचा सोपा मार्ग वेगळा आहे. बीमला जिप्सम बोर्डाची हलकी पेटी करून घ्या. तिची चौकट बीमच्या पोटाला टेकवायची नाही, बाजूंना धरायची आणि लेझरने सरळ रेषेत बांधायची. तळाशी झोलाच्या पलीकडे आणखी वीस मिलिमीटर पोकळी ठेवा, म्हणजे पुढे बीम थोडा उतरला तरी बोर्डावर बसणार नाही. पेटी नको असेल तर निदान बीम आणि छत एकाच फिक्या रंगात रंगवा आणि बीमच्या कडेने एलईडी पट्टी किंवा खाच देऊ नका. कडेने सरपटणारा उजेड दोन मिलिमीटरचा झोलही उघडा पाडतो.

सरकत्या दारांचं वजन बीमला टांगू नका. खाली चाकं असलेला ट्रॅक घ्या, वरची पट्टी नुसती वाट दाखवायला. वर पंधरा मिलिमीटर तरी मोकळीक हवी. आणि कामाचा क्रम बदला: आधी वरचा स्लॅब, मग वरची भिंत आणि फरशी, सगळं जड काम उरकू द्या, त्यानंतर महिना-दोन महिने थांबून खालची दारं आणि पेटी. जो वाक पडायचा तो फिनिशिंगच्या आधी जेवढा पडेल तेवढा बरा, कारण सतरा मिलिमीटरचा हिशेब फिनिशिंगनंतर सुरू होतो. वरची भिंत एएसी ब्लॉकची (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या ठोकळ्यांची) केली तर विटेच्या भिंतीपेक्षा वजन बरंच कमी होईल.

सासूबाईंसाठी एक तपासणी सांगतो, त्यांना बरोबर घेऊनच करा. विजेरी घेऊन बीमच्या पोटाला आणि दोन्ही बाजूंना तडे बघा. मधल्या भागात खालून वर जाणाऱ्या, केसासारख्या बारीक उभ्या रेषा काँक्रीटच्या बीममध्ये असतात, त्यांना घाबरायचं नाही. मानकात साधारण ०.३ मिलिमीटरपर्यंतची फट चालते. मुलांच्या पेन्सिलीतली ०.५ ची शिशाची काडी आत शिरली तर फट त्याहून मोठी आहे. कॉलमजवळ तिरका, वरच्या कोपऱ्याकडे चढत जाणारा तडा दिसला, किंवा तंगुसाचा आकडा वरचं काम न होताही महिन्याला दोन-तीन मिलिमीटरने वाढत राहिला, तर वरचं काम थांबवून स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. मग सळया स्कॅन करून बघता येतात, आणि अगदीच शंका राहिली तर भार चाचणी आहे: चल भाराच्या सव्वापट वजन चोवीस तास ठेवायचं, काढायचं, आणि पुढच्या चोवीस तासांत त्या वजनाने आलेल्या वाकापैकी पाऊणभाग तरी परत आला पाहिजे. तुमच्या पत्रात तड्यांचा उल्लेख नाही, म्हणून वेळ तिथवर जाईल असं मला वाटत नाही.

वरच्या मजल्यावरही असाच सहा मीटरचा बीम असेल तर अजून हातात एक महिना आहे. अठराऐवजी एकवीस इंच खोली घेतली तर कडकपणा दीडपटीहून जास्त वाढतो, काँक्रीट मात्र थोडंच जास्त लागतं. आणि सेंट्रिंग लावतानाच मधे उभार द्यायला सांगा. सरकारी बांधकामात मीटरला ४ मिलिमीटर असा नियम वापरतात. तुमच्या बीमला आठ-दहा मिलिमीटर पुरतील, नेमका आकडा इंजिनिअरने हिशेबाने द्यावा आणि नकाशावर लिहून द्यावा. ओतायच्या दिवशी सकाळी तंगूस बांधून तो उभार स्वतः मोजा, आणि ओतून झाल्यावर संध्याकाळी पुन्हा एकदा.